पाहुण्यांच्या खोल्या आणि विम्याचा खरा अर्ज



सचखंड एक्सप्रेस नांदेडला पोहोचली की स्टेशनाबाहेर अमृतसर, लुधियाना, दिल्लीकडच्या यात्रेकरूंची गर्दी होते. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये याच भूमीवर देह ठेवला. गुरुतागद्दीची, म्हणजे गुरू ग्रंथसाहिबांना गुरुपद दिल्याच्या घटनेची, त्रिशताब्दी ऑक्टोबर २००८ मध्ये इथे साजरी झाली आणि त्या निमित्ताने शहराचा चेहरामोहरा बदलला. गुरुद्वाऱ्याची यात्री निवासे आहेत, हॉटेले आहेत. पण दसरा आणि होला मोहल्ल्याच्या दिवसांत पाहुण्यांना आसपासच्या घरांतल्या खोल्याही लागतात. लातूरमध्येही घरांतल्या खोल्या अशाच भाड्याने जातात, पण तिथले कारण वेगळे. नीट आणि जेईईच्या तयारीसाठी मुले येतात आणि प्रवेशाच्या किंवा परीक्षेच्या दिवसांत त्यांचे आईवडील चार-आठ दिवस मुक्कामाला असतात.

वरच्या मजल्यावर दोन खोल्या, एक गिझर, एक टीव्ही, रोजचे भाडे. इथपर्यंत सगळे नीट चालते. पण या खोल्यांचा विमा उतरवताना अर्जावर बहुतेक वेळा एवढेच लिहिले जाते: ‘राहते घर’. विमा प्रतिनिधी, सर्वेक्षक आणि खोल्या देणारे घरमालक यांच्या आजच्या संमेलनासमोरचा मुख्य प्रश्न तोच आहे.

मराठवाड्याला धोका शिकवावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यावरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. मार्च २०२४ मध्ये हिंगोलीत केंद्र असलेल्या ४.५ तीव्रतेच्या धक्क्याने नांदेडची माणसे सकाळी रस्त्यावर आली. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात पाण्याने गावे वेढली आणि मदतीला सैन्य बोलवावे लागले. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की गोदाकाठच्या वस्त्यांची झोप उडते, हे नांदेडकरांना सांगायला नको.

विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आणली. आग, भूकंप, पूर, वादळ, वीज, दंगल आणि पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे यांपासून ती संरक्षण देते. विम्याची रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते; जागेची किंमत त्यात धरायची नसते. समजा १,००० चौरस फुटांचे बांधकाम आहे आणि दर चौरस फुटाला २,००० रुपये खर्च येतो, तर इमारतीचा विमा २० लाखांचा. घरातल्या सामानाला आपोआप त्याच्या २० टक्के, म्हणजे ४ लाखांचे संरक्षण मिळते. या आपोआप मिळणाऱ्या संरक्षणाची कमाल मर्यादा १० लाख. घर राहण्याजोगे उरले नाही तर बुडालेल्या भाड्याचीही तरतूद आहे. घरमालकासाठी ही उत्तम पॉलिसी आहे.

मात्र ती राहत्या घरासाठी आहे. स्वतःचे घर भाड्याने दिले किंवा त्याचा वापर बदलला तर कंपनीला कळवणे ही विमाधारकाची जबाबदारी ठरते. महत्त्वाची माहिती दडवली तर दावा नाकारता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सतवंत कौर संधू यांच्या आरोग्य विम्याच्या प्रकरणात स्पष्ट केले. घराच्या विम्यालाही तेच तत्त्व लागू आहे.

रोजच्या रोज पाहुणे बदलत असतील आणि त्यातून उत्पन्न चालत असेल, तर व्यवसायाची पॉलिसी विचारात घ्यावी. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे. कोणती लागू होईल ते कंपनीकडून लेखी घ्यावे. तोंडी होकार दाव्याच्या दिवशी कामाला येत नाही.

आता चोरीचे. पाहुणा सकाळी खोली सोडून गेला आणि टीव्हीही गेला. गृह रक्षेत चोरीचे संरक्षण आहे, पण ते पूर किंवा आगीसारख्या विमा असलेल्या घटनेनंतरच्या सात दिवसांपुरते. घरफोडीचा विमा वेगळा घेतला तरी त्यात सहसा कुलूप तोडल्याची, जबरदस्तीने शिरल्याची खूण लागते. किल्ली स्वतःच पाहुण्याच्या हाती दिली असेल तर ती खूण कुठून आणणार? म्हणून पाहुण्याकडून होणारी चोरी धरली आहे का, हे अर्ज भरतानाच विचारावे.

त्याहून मोठा धोका माणसाला इजा होण्याचा आहे. ओल्या बाथरूममध्ये वृद्ध यात्रेकरू घसरले, गॅस गिझरच्या विषारी वायूने कुणी गुदमरले, उघड्या वायरचा धक्का बसला, तर भरपाईची मागणी मालकाकडे येते. त्यासाठी सार्वजनिक दायित्वाचा विमा वेगळा घ्यावा लागतो. छोट्या खोल्यांचे मालक नेमका हाच टाळतात आणि सगळ्यात जास्त गरज त्याचीच असते. ऑनलाइन आरक्षण करणाऱ्या कंपन्यांच्या हमीवर भिस्त ठेवू नये. एअरबीएनबीची यजमानांच्या नुकसानभरपाईची हमी विमा नाही, हे ती कंपनी स्वतःच सांगते.

कागद पक्के असले तर दावा उभा राहतो. पाहुण्यांची नोंदवही, ओळखपत्राची प्रत, सामानाची यादी, खरेदीच्या पावत्या, खोल्यांचे फोटो हे सगळे घराबाहेरही एका ठिकाणी ठेवावे, कारण पुरात घराबरोबर कागदही जातात. कॅनडा, इंग्लंडहून येणाऱ्या परदेशी नागरिक यात्रेकरूंची माहिती २४ तासांत सरकारला कळवणे बंधनकारक आहे.

दावा अन्यायाने नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभर उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. ५० लाखांपर्यंतची तक्रार तिथे विनाशुल्क ऐकली जाते, वकिलाची गरज नसते.

विमा प्रतिनिधींना या संमेलनाची विनंती आहे. हप्ता थोडा वाढेल या भीतीने अर्जावर ‘राहते घर’ लिहू नका. ‘पाहुणे भाडे देऊन राहतात’ असे स्वच्छ लिहा आणि मालकाची सही त्याखाली घ्या. आणि मालकांनो, येत्या दसऱ्याच्या गर्दीआधी आपली पॉलिसी काढून एकदा शेवटपर्यंत वाचा. जे कळले नाही ते आपल्या प्रतिनिधीला विचारा आणि उत्तर लेखी मागा.