मर रोग : इलाज लागवडीआधी



भातकापणी उरकली की नवीन पनवेलच्या आसपासच्या गावांतून वांगी, टोमॅटो, मिरचीची लागवड सुरू होते. झाड फुलावर येते आणि एखाद्या दुपारी मान टाकते. संध्याकाळी सावरल्यासारखे दिसते, पण पुढे वाळतेच. आपल्याला वाटते, पाणी कमी पडले. म्हणून आपण आणखी पाणी सोडतो. चुकते ते इथेच! रोग मातीत असतो. पाटाच्या पाण्याबरोबर तो पुढच्या झाडाकडे जातो.

आधी रोग ओळखा. आजारी झाडाचे खोड बुंध्याजवळ कापून त्याचे टोक काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात धरा. थोड्या वेळात दुधासारखा पांढरा धागा खाली उतरला, तर मर जिवाणूची. धागा नाही, खालची पाने आधी पिवळी पडली आणि खोड उभे चिरल्यावर आत तपकिरी रेघा दिसल्या, तर बहुधा ती फ्युजेरियम बुरशी. ही मुळातून शिरते आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. मग वरून कितीही औषध ओता, वाळलेले झाड उठत नाही. म्हणून इलाज आधी करायचा.

१. रोगट झाड मुळासकट उपटून जाळा. बांधावर किंवा खतखड्ड्यात टाकू नका. तिथले कुदळ-फावडे धुऊनच दुसरीकडे वापरा.

२. एप्रिल-मे महिन्यांत वाफे भिजवून त्यांवर पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरा. उन्हाने माती तापून बुरशी कमी होते. रोपवाटिकेसाठी हा उपाय फार चांगला.

३. एकरी २ किलो ट्रायकोडर्मा १०० किलो कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून, आठवडाभर सावलीत झाकून ठेवा व लागवडीपूर्वी मातीत घाला. त्याच वेळी रासायनिक बुरशीनाशक ओतू नका, नाहीतर ही उपयोगी बुरशीही मरेल.

४. त्याच जागी दरवर्षी वांगी-टोमॅटो नको. दोन-तीन वर्षे मका किंवा पालेभाजी घ्या. लागवड गादीवाफ्यावर करा, मुळाशी पाणी तुंबू देऊ नका.

जिवाणूची मर असेल, तर ट्रायकोडर्मावर विसंबू नका. अशा जागी रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली वांग्याची रोपे लावणे बरे.

शंका आली तर मुळासकट झाड घेऊन तालुका कृषी कार्यालयात किंवा किल्ला-रोहा येथील कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. दुकानात जाण्याआधी पेल्यातली परीक्षा मात्र घरी करूनच बघा.