आगोटीचे टायर

मे महिना सरत आला की आपल्या रायगडात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, लगबग सुरू होते. पेणच्या बाजारात पोह्याचे पापड, मिरगुंडं, कोळणींच्या टोपल्यांत सोडे, जवळा, सुके बोंबील. वर्षाचं मीठ, मसाला, कोरडी लाकडं. माझ्या आईच्या यादीत छत्र्यांच्या मोडक्या काड्या बदलून घेणं हेही असायचं. तिच्या काळात आमच्या घरी गाडी नव्हती. आज आमच्याकडे आहे आणि तुमच्यापैकी पुष्कळांकडे असेल. पण गाडीचे टायर अजून आगोटीच्या यादीत आलेले नाहीत. ते यावेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

मला हे सुचलं ते माझ्या पुतण्यामुळे. तो जर्मनीत श्टुटगार्टला असतो. एका ऑक्टोबरात त्याचा फोन आला, “काका, आज गाडीचे चारही टायर बदलून घेतले.” मला वाटलं, काही अपघात झाला. तर तसं काही नव्हतं. तिकडे थंडीचे टायर वेगळे असतात. पारा साधारण 7 अंशांच्या खाली उतरला की नेहमीच्या टायरचं रबर कडक होतं आणि रस्ता धरेनासं होतं. थंडीच्या टायरचं रबर त्या गारठ्यातही मऊ राहतं, आणि त्याच्या नक्षीत ब्लेडने चिरल्यासारख्या बारीक बारीक चिरा असतात. बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असते. रस्त्यावर बर्फ असताना असे टायर हवेतच, असा तिथे 2010 पासून स्पष्ट नियम आहे. ऑक्टोबर ते ईस्टर हे टायर ठेवायचे, असा तिथल्या लोकांचा साधा ठोकताळा. म्हणजे ती त्यांची आगोटच झाली!

पुतण्याचं बजेट बेताचं होतं. त्याने परवडणारे दोन टायर समोरासमोर ठेवले. एक बर्फावर चांगला, दुसरा ओल्या रस्त्यावर. त्याने दुसरा घेतला. मी कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, “काका, आमच्याकडे बर्फाचे दिवस थोडे. रस्ता नुसता ओला असण्याचे दिवस खूप.” हे त्याचं उत्तर मला फार पटलं. आपला रस्ता वर्षातले किती दिवस कसा असतो, हे त्याने आधी पाहिलं आणि मग टायर पाहिला.

आता आपला रस्ता पाहू. थंडीच्या टायरचं आपल्याकडे काहीच काम नाही. आपल्या उन्हात ते मऊ रबर बघता बघता झिजेल. आपला ऋतू पावसाचा. रायगडात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मी पेणला राहतो आणि नोकरीनिमित्त बरीच वर्षं रोह्याला जा-ये केली. एका बाजूचं अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास. पण त्या चाळीस किलोमीटरांत टायरला काय काय सोसावं लागतं पाहा. पेणमधून निघालं की महामार्ग. त्याच्या रुंदीकरणाचं काम 2011 पासून आपण पाहतोच आहोत. कुठे नवं काँक्रीट, कुठे जुनं डांबर, मध्येच खडीचा वळणरस्ता. नागोठण्याला अंबा नदी ओलांडली की एक वाट भिसे खिंडीतून रोह्याला उतरते, दुसरी सुकेळी खिंड चढून कोलाडवरून येते. खिंडीत झाडांखाली रस्ता दिवसचे दिवस वाळत नाही, पाला कुजून बुळबुळीत होतो. धाटावच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या टँकर-ट्रकांच्या तेलाचे ओघळ मे महिनाभर धुळीत मुरतात, आणि मृगाच्या पहिल्या सरीला वर येतात. मुसळधार पावसापेक्षा ती पहिली अर्ध्या तासाची रिमझिम जास्त घसरडी असते. मग चिखलणी सुरू झाली की ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर शेतातून थेट रस्त्यावर येतात. चाकांचा तो मऊ, चिकट चिखल डांबरावर पसरतो. ज्याने तो अनुभवला नसेल त्याने या दिवसांत कोलाड-रोहा रस्त्यावर वेग कमी करून पाहावं.

आणि या सगळ्याला टेकलेला असतो तो टायरचा किती भाग? एका चाकाखाली जेमतेम तळहाताएवढा. असे चार तळहात, आणि त्यांच्यावर तुमचं सगळं घर बसलेलं.

टायरवरची नक्षी शोभेची नसते. पाण्याला वाट देणं हे तिचं काम. शेताच्या बांधाला मोरी ठेवतो तसंच ते. खाचा खोल असल्या की चाकाखालचं पाणी त्यांतून मागे आणि बाजूला निघून जातं आणि रबर डांबराला टेकतं. खाचा झिजल्या की पाण्याला जागा उरत नाही. त्याची पाचर चाकापुढे शिरते आणि गाडी पाण्यावर तरंगते. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, ब्रेकचा उपयोग होत नाही. विमानांच्या चाकांवर संशोधन करताना अमेरिकेतल्या ‘नासा’च्या लोकांनी एक सोपं गणित मांडलं : खाचांत मावणार नाही इतकं पाणी साचलं असेल, तर चाक कोणत्या वेगाला तरंगेल हे मुख्यतः टायरमधल्या हवेवर ठरतं. 32 पौंड हवा असेल तर साधारण 94 किलोमीटरच्या वेगाला. तीच 24 पौंडांवर आली तर 82 च्या आसपास. म्हणून पावसाळ्यात कमी हवेने गाडी मऊ चालते, पकड चांगली येते, हा समज सोडून द्या. दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना हवा तपासा.

आता दुकानात जाऊ. गेल्या खेपेला मी टायर घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने माझ्या गाडीच्या मापाचे दोन टायर पुढे ठेवले. दोन्ही नवे, दोन्ही चांगल्या कंपनीचे, किमतीत शे-दोनशेचा फरक. पहिल्यावर हात ठेवून तो म्हणाला, “सर, हा घ्या. साठ हजार किलोमीटर बघायला नको.” दुसऱ्याबद्दल म्हणाला, “याची ग्रिप चांगली आहे, पण लवकर जातो.”

त्या एका वाक्यात टायर बनवणाऱ्यांची जुनी अडचण आली. रबर कडक ठेवलं तर ते टिकतं, पण ओल्या रस्त्याला चिकटत नाही. मऊ ठेवलं तर चिकटतं, पण झिजतं. तिसरी गोष्ट इंधनाची. एकीकडे ओढलं की दुसरीकडे सुटतं. 1990 च्या दशकात रबरात काजळीबरोबर सिलिका मिसळण्याची रीत रुजली तेव्हा ही ओढाताण बरीच कमी झाली, पण संपली नाही. कंपन्याही आपापल्या टायरची नावं त्यावरूनच ठेवतात. भांडुप आणि नाशिकच्या कारखान्यांमुळे आपल्याला जवळची असलेली सीएट एकाला ‘मायलेझ’ म्हणते आणि दुसऱ्याला ‘सेक्युराड्राइव्ह’. अपोलोच्या एका टायरच्या नावातच ‘लाइफ’ आहे. कंपनीने कशावर भर दिला आहे हे नावातून बहुधा कळतं. काही टायरांच्या बाजूला इंग्रजीत ‘ट्रॅक्शन’ असं लिहून पुढे अक्षर असतं. ते ओल्या रस्त्यावर ब्रेक लावून पाहिलेल्या चाचणीचं असतं. डबल ए सगळ्यात वर, मग ए, बी आणि सी. त्याच ओळीत ‘ट्रेडवेअर’चा आकडा असतो, तो टिकाऊपणाचा. आपण सवयीने मोठा आकडा शोधतो. मी म्हणेन, आधी अक्षर पाहा.

दुकानदाराचं म्हणणं मी कागदावर मांडून पाहिलं. समजा, दोन्हींचा चार टायरांचा खर्च 18,000 रुपये. एक 60,000 किलोमीटर गेला, तर किलोमीटरमागे 30 पैसे. दुसरा 40,000 गेला, तर 45 पैसे. फरक 15 पैशांचा. पेण ते रोहा आणि परत, 80 किलोमीटर धरले तर दिवसाला 12 रुपये. एका चहाचे पैसे.

आता याच कागदाची दुसरी बाजू. ताशी 60 च्या वेगाला ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक लावला. टायरच्या पकडीचा, म्हणजे घर्षणाचा, गुणांक 0.5 असेल तर गाडी 28 मीटरांत थांबते. तो 0.4 असेल तर 35 मीटर लागतात. सात मीटर म्हणजे लहान दोन गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होणारं अंतर. समोर शाळेतून सुटलेली पोरं रस्ता ओलांडत असतील, तर या सात मीटरांना तुम्ही काय किंमत लावाल? मी दुसरा टायर घेतला. आणि ज्याची गाडी बहुतेक पावसाच्या मुलखात फिरते, त्या प्रत्येकाला मी तोच घ्यायला सांगेन. वर्षभर घाटमाथ्यावर, कोरड्या हवेत, रोज दोनशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीचं गणित निराळं असेल. ते त्यांनी त्यांच्या रस्त्यावरून मांडावं.

मी हे इतक्या कळकळीने सांगतो त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, हात आखडता असताना, मी एका दुकानातून वापरलेले टायर घेतले होते. खाचा भरपूर होत्या, वरून काळा रंग मारलेला, नव्यासारखे दिसत होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भिसे खिंड उतरताना पुढच्या टेम्पोने ब्रेक लावला. मीही लावला. वेग चाळीसच्या वर नव्हता. गाडी थांबली नाही, ती सरळ सरकत राहिली. मी डावीकडे वळवली आणि चाक गटारात गेलं तेव्हा ती थांबली. शेजारी पत्नी होती, मागे मुलगी झोपलेली. कुणाला खरचटलंही नाही. पण मुलगी दचकून जागी झाली आणि तिने विचारलं, “बाबा, घर आलं?” तो आवाज मी विसरलेलो नाही.

नंतर एका जाणत्या पंक्चरवाल्याने मला त्या टायरची बाजू दाखवली. तिथे लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2324 असेल तर 2024 सालचा तेविसावा आठवडा. माझे टायर आठ वर्षांचे निघाले. रबर उन्हाने आणि हवेने म्हातारं होतं, नुसतं पडून राहिलं तरी. खाचा खोल असल्या तरी रबर लाकडासारखं झालेलं असतं. त्या टायरला नख लावलं तर नख रुतत नव्हतं. तेव्हापासून मी सांगत आलो आहे : पैसे कमी असतील तर नव्यातला साधा टायर घ्या, वापरलेला घेऊ नका. 2022 साली केंद्र सरकारने मोटारींच्या टायरांना ओल्या रस्त्यावरच्या पकडीची किमान अट घातली. तिचा क्रमांक एआयएस 142. आज कारखान्यातून निघणाऱ्या साध्यातल्या साध्या टायरलाही ती पार करावी लागते. कुणाच्या तरी गाडीतून उतरलेल्या जुन्या टायरबद्दल तशी हमी कुणी देत नाही.

खाचांची खोली मोजायला यंत्र लागत नाही. मोठ्या खाचेत मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की 1.6 मिलिमीटर उरले, आणि कायद्याने तो टायर संपला. नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर असते. पण आपल्या पावसात 1.6 ची वाट पाहू नका. तीन मिलिमीटरवर आला की बदला.

आणि चारही एकदम घेणं जमत नसेल, दोनच घ्यायचे असतील, तर ते मागे बसवायला सांगा. दुकानदार म्हणेल, “सर, इंजिन पुढे ओढतं, पुढे टाका.” त्याचा हेतू वाईट नसतो. पण पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि पाय उचलला की बऱ्याचदा सावरते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि खिंडीच्या वळणावर ती सावरायला जागा नसते. मागे नवे, पुढे त्यातल्या त्यात बरे. त्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्या. आणि स्टेपनीत हवा आहे ना, तेही तिथेच पाहून घ्या. भर पावसात, रात्री, सुकेळीच्या चढावर ती पाहायची वेळ येऊ नये.

मृग लागायला अजून दोन-अडीच आठवडे आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात टायरच्या दुकानांत गर्दी होते आणि तुमच्या मापात जो शिल्लक असेल तो गळ्यात पडतो. या रविवारी आगोटीच्या बाजाराला पेणला किंवा रोह्याला गाडी काढालच. निघण्यापूर्वी दोन मिनिटं खाली वाका, त्या लंबगोल चौकटीतले चार आकडे वाचा, आणि यादीच्या कागदावर, मीठ-मसाल्याच्या खाली, लिहून ठेवा.