अप्रूव्हचं बटण दाबण्याआधी



तुमच्यातले काहीजण लवकरच आयटीत पहिल्या नोकरीला लागतील. तिथे आपण लिहिलेला कोड थेट वापरात जात नाही, आधी एखादा सहकारी तो वाचतो. याला पिअर रिव्ह्यू म्हणतात. थोड्याच दिवसांत तुमच्याकडेही दुसऱ्याचा कोड वाचायला येतो, कदाचित दहा वर्षं काम केलेल्या माणसाचा. अशा वेळी बरीच नवी मुलं काही न विचारता ‘अप्रूव्ह’चं बटण दाबून मोकळी होतात. त्याबद्दल मला बोलायचं आहे.

इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवण्यासाठी असंख्य सर्व्हर ‘ओपनएसएसएल’ हे सॉफ्टवेअर वापरतात. 2012 साली त्याच्या नव्या आवृत्तीत एक चूक गेली. एक संगणक दुसऱ्याला छोटा संदेश पाठवतो, त्याची लांबी सांगतो आणि तोच संदेश परत मागतो. संदेश चार अक्षरांचा आणि सांगितलेली लांबी 64 हजार असली, तरी सर्व्हर ती खरी मानायचा आणि मेमरीतली पुढची माहितीही देऊन टाकायचा. त्यात पासवर्डही असू शकत होते. हीच ती ‘हार्टब्लीड’. हा कोड स्वीकारण्यापूर्वी एका जाणकाराने तपासला होता, पण चूक त्याच्याही नजरेतून सुटली. ती उघड झाली थेट एप्रिल 2014 मध्ये.

म्हणजे वाचणारा अनुभवी असला की भागलं, असं नाही. ‘हा आकडा कुठून आला? तो खोटा असला तर?’ हे कुणीतरी विचारावं लागतं. ते विचारायला दहा वर्षांचा अनुभव लागत नाही.

आयबीएमच्या मायकेल फॅगन यांनी 1976 मध्ये कोड तपासणीची शिस्तबद्ध पद्धत मांडली. सापडलेल्या चुकांवरून कर्मचाऱ्याचं मूल्यमापन करू नका, असं त्यांनी तेव्हाच बजावलं. नाहीतर लोक चुका झाकू लागतील.

मी नव्या सहकाऱ्यांना तीन गोष्टी सांगतो. कोड छोट्या तुकड्यांत तपासायला द्या. ‘तुमचं चुकलं’ लिहिण्याऐवजी ‘इथे यादी रिकामी आली तर काय होईल?’ असं लिहा. आणि समजलं नाही, तर तसं स्पष्ट कळवा. आज तुम्हाला न समजलेला कोड उद्या दुरुस्त करणाऱ्यालाही अडवणार आहे.

मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेली मुलं इंग्रजीच्या संकोचाने गप्प राहतात. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं. प्रश्न मात्र नेमका हवा, आणि तो बटण दाबण्याआधी विचारायला हवा.