चिकटवायचं सोल्युशन आणि आपले हातपाय

(ग्रामसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले भाषण)



आज हप्त्याचा हिशेब थोडा मागे ठेवूया. चपलांचे तळ चिकटवायचं काम आपल्या तीन गटांत घरोघरी चालू आहे. ते गावात आणायला मीच पुढे होते, म्हणून हे बोलणंही माझंच काम.

मागच्या महिन्यात एका ताईंकडे गेले. म्हणाल्या, "अगं, पायातली चप्पल कधी निसटते कळतच नाही. भाकरी थापताना बोटं बधिर." त्यांना रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या होत्या. कामाचं डॉक्टरांना सांगितलं का, विचारलं, तर म्हणाल्या, "चपला चिकटवते, त्यात काय सांगायचं?"

तेच तर सांगायचं होतं. सोल्युशन पातळ राहावं म्हणून त्यात थिनरसारखे उडून जाणारे द्रव असतात. टोल्यूइन, हेक्झेन, कधी बेन्झिनसुद्धा. त्यांची वाफ श्वासातून अंगात जाते. डोकं धरणं, गरगरणं, मळमळणं हे लगेच होतं आणि अंगणात आलं की उतरतं, म्हणून आपण सोडून देतो. हेक्झेन मात्र महिनोन्महिने नसा खराब करतं. आधी पायाची बोटं, मग हाताची. मुंग्या, बधिरपणा, मग पकड ढिली. काम थांबवल्यावरही त्रास काही काळ वाढू शकतो. वेळेत थांबलं तर बहुतेकींचं सुधारतं, पण हळूहळू. बेन्झिनचा मारा रक्त तयार होतं तिथेच बसतो, त्यानं रक्ताचा कर्करोगही होतो.

1960 च्या दशकात जपानमध्ये घरी सँडल चिकटवणाऱ्या 90 हून जास्त जणांना हाच नसांचा आजार झाला. कारण निघालं हेक्झेन आणि हवा न खेळणाऱ्या खोल्या. आपल्या खोल्या काय वेगळ्या आहेत?

तोंडाला पदर किंवा कापडी मास्क बांधून वाफ अडत नाही. ती हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचते. आपण तिथंच बसतो आणि शेजारी गोधडीवर बाळ झोपलेलं असतं! काम पडवीत करा. लागेल तेवढंच वाटीत काढून डब्याचं झाकण लावा. पंखा असा ठेवा की वास बाहेर जाईल. चूल, गॅस पेटलेला असताना डबा उघडूच नका, भडका होतो. हात थिनरनं पुसू नका, ते कातडीतूनही आत जातं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना मोजणी-पॅकिंग द्या, चिकटवणं नको.

आता ठेकेदाराचं. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखान्यांच्या 1948 च्या कायद्यात बेन्झिनची विषबाधा सरकारला कळवायच्या आजारांत होती. पण आपल्या पडवीत कोण तपासायला येतंय? एकटीनं विचारलं तर माल दुसऱ्या गावाला जाईल, ही तुमची भीती खरी आहे. मलाही आहे. म्हणून बुधवारी माल येईल तेव्हा तिन्ही गटांच्या अध्यक्षांनी मिळून विचारायचं: यात काय आहे, लेबलाचा डबा का नाही, पाण्यातलं सोल्युशन मिळेल का. मी सोबत असेन.

ज्यांच्या हातापायाला मुंग्या येतात त्यांनी आज मागे थांबा. शनिवारी ग्रामीण रुग्णालयात एकत्र जाऊ. डबा आणू नका, लेबल असेल तर फोटो पुरे.