जखमेचा पुरावा



रस्त्यावरील अपघातात माणूस जायबंदी होतो, तेव्हा त्याच्या खाटेभोवती आधी आप्तेष्ट जमतात, मागाहून पोलीस जबाब घेण्यास येतात, आणि पुष्कळदा टाके निघण्यापूर्वीच समोरच्या पक्षाचा कोणी मध्यस्थ थोडी रोकड पुढे करून कागदावर सही मागू लागतो. वकिलाची गरज खरी या घटकेला असते. परंतु कोर्टाची पायरी चढू नये या जुन्या शिकवणुकीमुळे आपण त्याच्याकडे जातो ते सर्व वाटा खुंटल्यावर, आणि तोवर पुराव्याचा निम्मा भाग नष्ट झालेला असतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने अशा दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाची तजवीज केली आहे. अपघात जेथे घडला तेथे, अर्जदार जेथे राहतो वा व्यवसाय करतो तेथे, किंवा जाबदार जेथे राहतो तेथे अर्ज दाखल करता येतो. तेव्हा परमुलखात जखमी झालेल्या मजुराला आपल्या जिल्ह्यातच दाद मागता येते. मात्र १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने अर्जास सहा महिन्यांची मुदत घातली आहे, आणि बिछान्यावर पडलेल्या माणसाचे सहा महिने कसे सरतात हे त्याच्या घरच्यांना विचारावे. म्हणून फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, दवाखान्याचे कागद, वाहनाचा विमा आणि चालकाचा परवाना यांच्या नकला वेळीच मिळवणे, आणि मालक, चालक व विमा कंपनी या तिघांनाही जाबदार करणे, हे वकिलाचे पहिले काम होय.

परंतु त्याच्या विद्येची खरी कसोटी पुढे आहे. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने एका निवाड्यात असे विवेचन केले की, डावा हात तुटला असता शारीरिक अपंगत्व सुमारे साठ टक्के धरले जाईल; पण तो हात सुताराचा किंवा वाहनचालकाचा असेल, तर त्याची कमाईची शक्ती जवळजवळ शंभर टक्के गेली असे मानावे लागेल, आणि सरकारी कारकुनाची नोकरी मात्र कदाचित तशीच चालू राहील. चौतीस वर्षांचा, दरमहा १५,००० रुपये मिळवणारा एक सुतार आपण कल्पू. वर्षाचे १,८०,००० रुपये, त्यांत भावी उत्पन्नवाढीचे चाळीस टक्के मिळवले की २,५२,००० होतात, आणि त्या वयाला लागू असलेल्या सोळा या गुणकाने गुणले की ४०,३२,००० येतात. अपंगत्वाच्या दाखल्यावरील साठ टक्केच धरले, तर हाच आकडा २४,१९,२०० वर उतरतो. सोळा लाखांहून अधिक रुपयांची ही तफावत केवळ एका प्रश्नावर अवलंबून आहे: या हाताने हा माणूस काय करीत होता?

या प्रश्नाचे उत्तर दाखल्यावर लिहिलेले नसते. सुताराजवळ पगारपत्रक नसते. म्हणून वकिलाने लाकडाच्या वखारीच्या पावत्या शोधाव्यात, ज्यांच्या घरांची दारे त्याने घडवली त्यांच्या साक्षी नोंदवाव्यात, उपचार करणाऱ्या डॉक्टरास साक्षीच्या पिंजऱ्यात आणून उरलेल्या हाताने रंधा धरता येईल काय हे वदवून घ्यावे, आणि विमा कंपनीच्या वकिलाच्या उलटतपासणीस आपल्या अशिलाला आगाऊ सिद्ध करावे.

तडजोड त्याज्य आहे असे मी म्हणत नाही. परंतु लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील चालत नाही, आणि म्हणून सही करण्यापूर्वी हा हिशेब अशिलापुढे मांडणे वकिलाचे कर्तव्य आहे. भरपाईतला हिस्सा फी म्हणून ठरवण्यास वकिली व्यवसायाच्या नियमांनीच मनाई केली आहे, हे अशिलानेही जाणून असावे. ऐपत नसल्यास संकोच करू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, बालके, अपंग, अनुसूचित जातिजमाती आणि औद्योगिक कामगार यांना विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क दिला आहे.

सभागृहात वकिलीच्या उंबरठ्यावर उभे असलेले तरुण मला दिसत आहेत. त्यांना माझी एवढीच विनंती आहे: जखमी अशील समोर येऊन बसेल तेव्हा कागद मागण्यापूर्वी त्याचा दिवस विचारा, तो पहाटे किती वाजता उठे, कोणते हत्यार आधी हाती घेई, आणि आज त्याच्या पेटीतील कोणते हत्यार गंजत पडले आहे. त्याचा दावा तेथूनच लिहावयास घ्या.