रासबेरी : फळ डोंगराचं, भाव बाटलीचा

(मुंबई उपनगरातील बैठकीत केलेलं भाषण)



घाटकोपर-मुलुंडच्या बैठकीत रासबेरी कशाला, असं कुणी म्हणेल. पण इथल्या चाळींत वाई, जावळी, महाबळेश्वरकडची माणसं कमी नाहीत. रासबेरीची काटेरी जाळी त्यांच्या मुलखातली. अंधेरी-बोरिवलीच्या उकाड्यात ती लावण्याच्या फंदात पडू नका. विलायती लाल रासबेरीला तर शेकडो तासांची कडक थंडी लागते. आपल्या सह्याद्रीतली जात, पिकल्यावर काळी-जांभळी होणारी, थोडक्या गारव्यावर भागवते.

मूळ वर्षानुवर्षं टिकतं, फांदी मात्र दोनच वर्षांची. पहिल्या वर्षी वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि वाळते. वाळलेली कापायची, नवी तारेला बांधायची. मुळाशी पाणी साचलं की मुळं कुजलीच, म्हणून निचऱ्याचा उतार हवा.

खरी अडचण तोडणीनंतर. रासबेरी तोडली की देठाकडचा गाभा झाडावरच राहतो. हातात येते ती पोकळ टोपी. कच्ची तोडावी तर नंतर गोडी भरत नाही, पिकलेली तोडावी तर वरच्या थराच्या ओझ्यानं खालचा थर चेंगरतो. असा नाशवंत माल घेऊन शेतकरी भावासाठी अडून बसणार कसा? मिळेल त्या भावात तो जॅम-सिरपच्या कारखान्याला देतो.

आता सरकारची करणी ऐका. 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांत जॅममध्ये किमान 45 टक्के फळ हवं. अपवाद दोनच, स्ट्रॉबेरी आणि रासबेरी. त्यांना 25 टक्के पुरे! म्हणजे किलोभर जॅमला 450 ग्रॅमऐवजी 250 ग्रॅम फळ. टनामागे 200 किलो मालाची गरज कागदावरच संपली. कुणी कारखानदार जास्त फळ घालतही असेल, पण ती त्याची मर्जी. घाटावरच्या शेतकऱ्याचं गिऱ्हाईक कायद्यानंच कमी केलं.

2016 साली फळं-भाजीपाला बाजार समितीबाहेर विकायची मोकळीक झाली. तिचा उपयोग करा. गावाकडच्या चार घरांनी मिळून उथळ खोक्यांत, एकाच थरात, रात्रीच्या गारव्यात माल पाठवावा. इथल्या नातेवाइकांनी सोसायट्यांत आधी मागणी नोंदवून सकाळीच तो पोचवावा. आणि जॅमची बाटली घेताना मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. फळ किती टक्के, ते तिथं छापलेलं असतं. रासबेरीलाही 45 टक्क्यांचाच नियम लावा, हा ठराव मी या बैठकीपुढे मांडतो.