उंचीचा हिशेब



वैजापूर परिसरात कुठल्याही वस्तीवर जा, घराच्या छतावर पाण्याची काळी टाकी दिसतेच. वीज असते तेव्हा मोटार लावून ती भरून घ्यायची. मग वीज गेली तरी नळाला पाणी येते. मोटार तर बंद आहे. मग पाण्याला ढकलते कोण? मोटारीने पाणी वर चढवताना जे कार्य केले, ते पाण्याच्या उंचीत जमा होऊन राहिलेले असते. हीच स्थितिज ऊर्जा. १८५३ साली विल्यम रँकिन या स्कॉटिश अभियंत्याने तिला 'पोटेन्शियल एनर्जी' हे नाव दिले.

नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, भंडारदऱ्याजवळ घाटघरला अशीच एक प्रचंड 'टाकी' आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या जलाशयातले पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की ते खाली सोडून वीज करायची. हा प्रकल्प २५० मेगावॉटचा आहे. घातलेल्यापेक्षा थोडी कमीच वीज परत मिळते. पण ती हवी त्या वेळी मिळते.

आता शेताकडे वळू. १ हजार लिटर पाणी १० मीटर उचलायला सुमारे ९८ हजार ज्यूल ऊर्जा लागते. विजेच्या एका युनिटात ३६ लाख ज्यूल असतात. एका एकरावर ५ सेंटिमीटर पाणी द्यायचे, तर २ लाख लिटर हवे. विहिरीत पाणी १० मीटरवर असेल, तर साधारण साडेपाच युनिटे लागतील. बोअरमध्ये ते १०० मीटरवर गेले, तर ५५. पंपातली आणि पाइपातली तूट धरली, तर दोन्ही आकडे दुप्पट समजा. पाणी तेवढेच, पीकही तेच. वाढली ती फक्त खोली.

कोणी म्हणेल, २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्यात वीज मोफत आहे, मग काळजी कशाची? बिल माफ होते, पण ऊर्जेचा हिशेब माफ होत नाही. ५ अश्वशक्तीची मोटार तासाला पावणेचार युनिटे घेते असे धरा. जे भिजवणे ३ तासांत व्हायचे, त्याला ३० तास लागतील. आणि शेतीची वीज ठरावीक तासच असते!

उलट नांदूर मधमेश्वर जलद कालवा पाहा. निफाड तालुक्यातून निघालेले गोदावरीचे पाणी उतारावरून आपल्या तालुक्यात येते. ते वर चढवले सूर्याने: समुद्राची वाफ केली, ढग सह्याद्रीवर बरसले. ही उंची निसर्गाने आपल्याला फुकट दिली आहे.

शिवारात पडणारा पाऊसही असाच वरून येतो. तो बांधावर अडवला, विहिरीजवळ मुरवला, तर पाण्याची पातळी वर राहते. पातळी जितके मीटर चढेल, तितके मोटारीचे काम कायमचे वाचेल.

म्हणून एक करा. दोरीला दगड बांधून विहिरीतले पाणी किती खोल आहे ते मोजा. एकदा पावसाळ्याआधी, एकदा दिवाळीला. आकडा वहीत लिहून ठेवा. शेताच्या खतावणीतली ती सर्वांत खरी नोंद असेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)